बँड परत एकत्र आणायचाय? मग घोषणा सगळ्यात शेवटी करा

तीस-चाळीस वर्षांपूर्वी फुटलेला बँड, मधे कुणाच्या तरी अंत्यविधीला सगळे भेटले, दोन जणांचं परत फोनवर बोलणं सुरू झालं, आणि एक दिवस कुणीतरी म्हणालं की एकदा टूर करूया का. ज्यांच्याकडे हा विषय खरंच निघालाय त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि त्यांच्या मॅनेजरसाठी आणि घरच्यांसाठीसुद्धा, कारण निम्मी कामं त्यांच्याच अंगावर येतात.

माझं एकच म्हणणं आहे. रियुनियन फसतं ते बहुतेक वेळा वाजवता येत नाही म्हणून नाही, क्रम चुकतो म्हणून. आधी बातमी फुटते, मग तारखा लागतात, मग पैशाचं बोलणं होतं, मग रिहर्सल, आणि तेव्हा कुठे कळतं की ड्रमर येणारच नाहीये. हे सगळं बरोब्बर उलटं व्हायला पाहिजे.

ब्लॅक सॅबथचंच बघा. ११ नोव्हेंबर २०११ ला, म्हणजे ११-११-११ अशी तारीख साधून, लॉस एंजेलिसच्या व्हिस्की अ गो गो क्लबमध्ये चौघेही मूळ मेंबर एकत्र बसले आणि नवा अल्बम आणि टूर जाहीर केली. जानेवारीत गिटारवाल्या टोनी आयोमीला लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) असल्याचं कळलं, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण फेब्रुवारीत ड्रमर बिल वॉर्डने जाहीर सांगितलं की सही करण्यासारखा करार हातात आल्याशिवाय मी येणार नाही. म्हणजे जगाला चौघे दाखवले तेव्हा चौघांचा करार झालेलाच नव्हता. अल्बम आणि टूर दुसऱ्या ड्रमरवर झाली. मूळ चौघे एका स्टेजवर आले ते थेट ५ जुलै २०२५ ला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, आणि २२ जुलैला गायक ऑझी ऑस्बर्न गेला. मला हे अजूनही लागतं, कारण त्या घोषणेच्या आधी दोन महिने कागदावर घालवले असते तर कदाचित मधली वर्षं वेगळी गेली असती.

आधी माणसं

ग्रुप कॉल करू नका. प्रत्येकाला वेगळा फोन करा, आणि शक्यतो ज्याचं त्या माणसाशी शेवटचं भांडण झालं होतं त्याने करू नये, मधल्या माणसाने करावा. विचारायचं एवढंच: खरंच करायचंय का, आठवड्यातून किती रात्री झेपतील, घरापासून सलग किती दिवस लांब राहता येईल, आणि कोणत्या माणसाबरोबर (मेंबर, मॅनेजर, कुणाचा भाऊ, जो कोणी असेल तो) अजिबात काम करायचं नाही. शेवटचा प्रश्न अवघड वाटतो पण तो आत्ता विचारलेला बरा, नाहीतर त्याचं उत्तर बाविसाव्या शोच्या ड्रेसिंग रूममध्ये मिळतं.

कुणी नाही म्हणालं तर त्याला नाही म्हणू द्या. लेड झेपलिनने १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात एकच शो केला, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक अहमेत एर्टेगनच्या स्मरणार्थ, आणि तिकिटांसाठी काही कोटी अर्ज आले असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. टूर केली असती तर पैसा किती आला असता याचा हिशोब कुणीही करू शकतं. गायक रॉबर्ट प्लांटला करायची नव्हती, तो अॅलिसन क्रॉसबरोबर त्याच्या दुसऱ्या कामाला लागला. मुलाखती देऊन अशा माणसावर दबाव आणायचा नाही, त्याने तो येत तर नाहीच, पण उरलेल्यांचं तोंड मात्र कडू होतं.

आणि जो आता नाहीये त्याची जागा? इथे सगळ्यात जास्त हळुवार राहायला लागतं. २००७ च्या त्या शोमध्ये वारलेला ड्रमर जॉन बोनहॅमच्या जागी त्याचा मुलगा जेसन बसला, वडिलांचा प्रत्येक ठेका लहानपणापासून कानात असलेला माणूस. रश बँडचा ड्रमर नील पिअर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला, आणि उरलेले दोघे गेडी ली आणि अॅलेक्स लाइफसन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये टूर जाहीर केली ती अॅनिका निलेस या ड्रमरला घेऊन, आणि त्या घोषणेबरोबर नीलच्या पत्नीचं आणि मुलीचं पाठिंब्याचं निवेदन होतं. हे असं करायचं असतं. आधी घरच्यांना जाऊन भेटायचं, त्यांना बातमी पेपरातून कळता कामा नये, आणि नवीन माणसाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं की त्याने जुन्याची हुबेहूब नक्कल करायची आहे की स्वतःसारखं वाजवायचंय. दोन्ही चालतं, पण त्याला माहीत पाहिजे.

नाव कुणाचं आहे ते बघा

हे वकिलाचं काम आहे, दोन तासांचं, पण पुढे ढकलू नका. बँडचं नाव एखाद्या कंपनीच्या नावावर असतं, कधी दोनच मेंबरांच्या नावावर, कधी जुन्या मॅनेजरकडे, आणि वेगवेगळ्या देशांत ट्रेडमार्क वेगवेगळा नोंदवलेला असतो. १९८० मध्ये डीप पर्पलचा पहिला गायक रॉड इव्हान्स बाकी मूळ मेंबर सोबत नसताना डीप पर्पल याच नावाने शो करत फिरला, प्रकरण कोर्टात गेलं आणि ६,७२,००० डॉलर नुकसानभरपाईचा निकाल लागला. खरे मेंबर १९८४ मध्ये परत एकत्र आले. पिंक फ्लॉइडमध्येसुद्धा रॉजर वॉटर्स बाहेर पडल्यावर नावावरून जे पेटलं ते मिटायला १९८७ चा शेवट उजाडला. तेव्हा नाव कुणाचं, लोगो कुणाचा, जुने फोटो आणि व्हिडिओ स्टेजच्या स्क्रीनवर दाखवायची परवानगी कुणाकडून घ्यायची, टी-शर्टवर न आलेल्या मेंबरचा चेहरा छापता येतो का, सगळं लेखी घ्या.

शरीर काय म्हणतंय

प्रत्येकाची तपासणी, फक्त गायकाची नाही. गायकाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, स्वरयंत्र कॅमेऱ्याने बघून घ्या, आणि मग आवाजाच्या ट्रेनरबरोबर निदान तीन-चार महिने. एअरोस्मिथची निरोपाची टूर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि लगेच गायक स्टीव्हन टायलरच्या गळ्याला इजा झाली, वर्षभर वाट बघून ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने टूर करणंच थांबवल्याचं सांगितलं. एसी-डीसीचा गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये ऐकू येणं जायची भीती होती म्हणून टूर अर्ध्यात सोडावी लागली. ड्रमरचे खांदे, मनगटं, पाठ बघा, गिटारवाल्यांची बोटं बघा, सांधे आखडतात तेव्हा वेगवान सोलो नाही जात आधी, बोटं लांब ताणायची कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार स्वर) जाते.

एखाद्याला पूर्वीसारखं जमत नसेल तर त्याला काढायलाच पाहिजे असं नाही, रचना बदलता येते. जेनेसिसने २०२१-२२ ची टूर केली तेव्हा फिल कॉलिन्स ड्रम वाजवू शकत नव्हता, तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. लोकांनी ते मनापासून स्वीकारलं, कारण आधीच सांगितलेलं होतं आणि स्टेजवर काही लपवलेलं नव्हतं.

आता खोली बंद करा आणि वाजवा

माझ्या मते सगळा निर्णय इथे होतो, मीटिंगमध्ये नाही. एक साधी रिहर्सल रूम घ्या, चार-पाच दिवस, फक्त मेंबर आणि एक साउंडवाला. कॅमेरा नको, डॉक्युमेंटरीवाले तर नकोच, बायका-मुलं-मित्र नंतर.

पहिल्या दिवशी सगळ्यात गाजलेलं गाणं वाजवू नका. मधलं कुठलं तरी घ्या, मध्यम लयीचं, ज्यात गायकाला वर जावं लागत नाही. पहिला तास वाईटच जातो, त्यावरून काही ठरवायचं नाही. मग एक मजेशीर गोष्ट होते, प्रत्येकाच्या डोक्यात त्याच गाण्याचं वेगळं रूप असतं. बेसवाल्याला रेकॉर्डवरचं आठवतं, गिटारवाल्याला शेवटच्या टूरमधलं, ड्रमरला कुठल्यातरी टीव्ही शोमधलं छोटं केलेलं. मधला भाग दोनदा की चारदा यावर अर्धा तास जातो. म्हणून वाजवायच्या आधी ठरवा की कुठलं रेकॉर्डिंग प्रमाण मानायचं, ते सगळ्यांनी घरून ऐकून यायचं. आणि जी गाणी रेकॉर्डवर हळूहळू आवाज कमी होत संपतात त्यांची यादी वेगळी काढा, कारण स्टेजवर त्यांना शेवट लागतो आणि तो शेवट काय होता हे कुणालाच आठवत नसतं.

पट्टीचं बोलूया, कारण याची उगाच लाज बाळगली जाते. साठी-सत्तरीत आवाज खाली उतरतो, पंचविशीतल्या पट्टीत रोज गायचा हट्ट धरला तर तिसऱ्या आठवड्यात घसा बसतो. झेपलिननेसुद्धा २००७ ला काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली वाजवली आणि तो शो लोक आजही डोक्यावर घेतात. पट्टी खाली घ्यायची ती कॉर्ड बदलून नाही, गिटार आणि बेसच्या सगळ्या तारा अर्धा किंवा एक स्वर खाली लावून, म्हणजे बोटांची जागा तीच राहते आणि मोकळ्या तारांचा जो घुमणारा आवाज गाण्याची ओळख असतो तो जात नाही. तारा ढिल्या पडतात म्हणून थोड्या जाड तारांचा सेट घाला, गिटारचं सेटिंग परत करून घ्या. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर बटण दाबून पट्टी सरकवता येते पण खऱ्या पियानोवर तसं काही नसतं, तिथे वाजवणाऱ्याला नव्या पट्टीत शिकायला लागतं, आणि माउथ ऑर्गन तर वेगळ्या पट्टीचाच आणावा लागतो. सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाले असतील तर त्यांना लवकर सांगा. काही गाणी खाली आणि काही मूळ पट्टीत असतील तर दोन्ही प्रकारच्या गिटार तयार ठेवा आणि सेटलिस्टमध्ये एका ट्यूनिंगची गाणी शेजारी-शेजारी लावा, नाहीतर दर गाण्याला गिटार बदलायला थांबावं लागेल.

लयीचंही तसंच. फोनवर मेट्रोनोम लावून जुन्या लाइव्ह रेकॉर्डिंगची लय मोजून घ्या, ती रेकॉर्डपेक्षा बऱ्याचदा जास्तच निघते, कारण स्टेजवर अंगात येतं. ड्रमरला झेपत नाही म्हणून लय खाली आणली की त्याला बरं वाटतं, पण मग गायकाला तीच ओळ एका दमात जास्त वेळ ओढावी लागते, आणि त्याचा श्वास पुरत नाही. म्हणजे हा निर्णय एकट्या ड्रमरचा नाही, दोघांनी समोरासमोर बसून गाणं-गाणं घेऊन ठरवायचा.

रोज पूर्ण रिहर्सल एका साध्या फोनवर खोलीच्या मध्यभागी ठेवून रेकॉर्ड करा, आणि त्याच संध्याकाळी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. संध्याकाळी सगळे भावुक असतात. सकाळी कान खरं बोलतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी सलग नव्वद मिनिटं वाजवा, मधे न थांबता, उभं राहून. ते झाल्यावर कोण कसं दिसतंय ते बघा. आणि मग प्रत्येकाला परत एकदा, वेगळं गाठून, विचारा: करायचंय का? इथे कुणी नाही म्हणालं तरी काही बिघडलेलं नाही, बाहेर कुणाला कळलेलंच नाही.

रिहर्सल कमी पडली की काय होतं याचं ठळक उदाहरण परत झेपलिनच. १३ जुलै १९८५, लाइव्ह एड हा मदतनिधीसाठीचा मोठा शो, फिलाडेल्फिया. दोन ड्रमर, जवळजवळ न झालेली तालीम, बसलेला आवाज, बेसूर लागलेली गिटार. नंतर लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी आपला भाग त्यात घालूच दिला नाही. तीच माणसं २००७ ला कित्येक आठवडे तालीम करून आली. मधे गिटारवाल्या जिमी पेजचं बोट मोडलं तर शो दोन आठवडे पुढे ढकलला, तसाच रेटून नेला नाही.

पैसा, आणि तो कागदावर

सगळ्यांना समान वाटा द्यायचा की नाही हे मी सांगू शकत नाही, पण जे काही असेल ते रिहर्सल जमल्यावर आणि प्रमोटरला (शो भरवणाऱ्याला) भेटायच्या आधी ठरलेलं असावं. ईगल्स १९९४ ला परत आले तेव्हा डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांचा वाटा जास्त होता, गिटारवाल्या डॉन फेल्डरला ते खुपत राहिलं, २००१ मध्ये त्याला काढलं, त्याने केस केली आणि २००७ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं. गन्स एन रोझेसच्या २०१६ च्या टूरला जुना गिटारवाला इझी स्ट्रॅडलिन आलाच नाही, त्याने सांगितलं की वाटणी समान करायची त्यांची तयारी नव्हती. ती टूर २०१९ पर्यंत चालली आणि ५८ कोटी डॉलरच्या वर तिकीटविक्री झाली, म्हणजे टूर चालायला इझीची गरज होती असं नाही, पण मूळ पाचजण बघायला मिळतील अशी आस लावून बसलेल्यांसाठी ते कायमचं राहून गेलं.

गीतकार-संगीतकारांना गाण्याची रॉयल्टी वेगळी मिळतेच, त्यामुळे स्टेजवरच्या कमाईत परत त्यांनाच जास्त हवं असेल तर त्याचं कारण समोर बसून सांगायला लागेल. टी-शर्टची कमाई, शूटिंगचे हक्क, शो रद्द झाला तर खर्च कुणाचा, एखादा मधेच आजारी पडला तर त्याचा वाटा चालू राहतो का, बदली माणूस कोण, हे सगळं त्याच कागदात.

प्रमोटरकडून साधारण दोन गोष्टी येतात: ठरलेली गॅरंटी, आणि खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यात टक्केवारी, यात बऱ्याचदा पंच्याऐंशी टक्के कलाकाराचे. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यातून ट्रक, बस, क्रूचे पगार, लाइट-स्क्रीन, हॉटेल, विमानं, एजंट आणि मॅनेजरचं कमिशन, इन्शुरन्स जातं. मेंबरांना गॅरंटीचा आकडा सांगू नका, हातात किती येईल तो आकडा सांगा. आणि शो रद्द झाल्याचा इन्शुरन्स काढताना कंपनी मेंबरांची मेडिकल मागते, आधीपासून असलेला आजार वगळते, म्हणून वरची तपासणी आधी झालेली असली की इथे धक्के बसत नाहीत.

एक शो, छोटी जागा

सरळ स्टेडियमला जाऊ नका. गन्स एन रोझेसने सुरुवात ट्रुबाडोर या लहानशा क्लबमध्ये केली, १ एप्रिल २०१६ ला, आणि त्याच रात्री गायक अॅक्सल रोझचा पाय मोडला. पुढचे शो त्याने फू फायटर्स बँडच्या डेव्ह ग्रोलकडून आणलेल्या सिंहासनासारख्या खुर्चीत बसून केले. छोट्या शोमध्ये कळतं की गाण्यांचा क्रम चालतो का, घामाने हात घसरतात का, मधल्या बडबडीत कोण किती वेळ घेतं. आणि ज्यांना कानातले मॉनिटर (स्वतःचं वाजवणं ऐकायला कानात घालायचे छोटे स्पीकर) नवीन आहेत त्यांना पहिले काही शो एकटं पडल्यासारखं वाटतं, प्रेक्षकांचा आवाज ऐकू येत नाही, त्यासाठी स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून माइक लावून तो आवाज थोडा कानात सोडायचा.

चुका होणार हे धरून चाला. द पोलिसची २००७ ची टूर व्हँकुव्हरला सुरू झाली आणि सुरुवातीच्याच एका शोनंतर ड्रमर स्टुअर्ट कोपलँडने स्वतःच लिहिलं की आम्ही किती वाईट वाजवलं, कुठे कोण कसं चुकलं. तरी ती टूर ऑगस्ट २००८ पर्यंत चालली, दीडशेच्या आसपास शो झाले.

आणि हा एक शो झाल्यावर थांबायची मुभा ठेवा. पिंक फ्लॉइडचे चौघे २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाइव्ह एट या मोठ्या शोसाठी एकत्र आले, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं वाजवलं, मिठी मारली आणि गेले. २००८ मध्ये त्यांच्यातला कीबोर्डवाला रिक राइट गेला. टूर झाली नाही, पण ती संध्याकाळ अर्धवट आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग तारखा, तिकिटं आणि घोषणा

आठवड्याला तीन शो, जास्तीत जास्त चार, सलग दोन रात्रींनंतर गायकाला एक पूर्ण दिवस गप्प बसायला, प्रवासाचा दिवस हा आरामाचा दिवस धरायचा नाही. पहिला टप्पा सहा आठवड्यांचा ठेवा, मग घरी.

तिकिटाचा दर बँडने स्वतः बघून मंजूर करायचा. ओअॅसिसने २०२४ मध्ये टूर जाहीर केली तेव्हा दीडशे पाऊंडांच्या आसपासचं तिकीट रांगेत उभं असताना साडेतीनशेच्या वर गेलं, कमी दराची तिकिटं संपली की तसलीच तिकिटं जास्त दराने सोडली गेली. बँडने सांगितलं की तिकिटांचे निर्णय आम्ही प्रमोटर आणि मॅनेजमेंटवर सोडतो. तासन् तास रांगेत बसलेल्याला हे ऐकून काय वाटत असेल. तेव्हा तुमच्या करारात लिहून घ्या की दर हलणार आहे की नाही, सगळ्यात महाग तिकीट कितीचं, आणि सगळ्यात स्वस्त किती खुर्च्या.

घोषणेत चारच गोष्टी लागतात: कोण वाजवणार, नावानिशी, कोण नाही आणि त्याच्या जागी कोण, कुठे-कधी, आणि दर. जो येत नाहीये त्याच्याबद्दलचं वाक्य त्याला आधी वाचून दाखवा. ‘शेवटची टूर’ हे शब्द तेव्हाच लिहा जेव्हा ती खरंच शेवटची असेल, कारण लोक त्यासाठी साठवलेले पैसे काढतात. मोठ्या शहरांत दुसऱ्या रात्रीची तारीख हॉलकडे आधीच राखून ठेवा पण जाहीर करू नका, पहिली रात्र विकली गेली आणि ड्रमर-गायक दोघं हो म्हणाले तरच ती उघडा.